परबकाकांचा दुसरा अल्बम

कीबोर्ड दुरुस्त करून परत बंद केला की टेबलावर एखादा स्क्रू उरतोच. कुठून निघाला ते आठवत नाही, आणि मशीन तर त्याच्याशिवायही झकास चालतंय. मग तो जातो डब्यात. किस्स्यांचंही तसंच होतं. तीस वर्षं घाटकोपरला दुकान आहे माझं. सिंथेसायझर, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, जे जे वीज खाऊन आवाज काढतं ते सगळं माझ्याकडे येतं. डबा आता भरलाय.

एक आधीच सांगून ठेवते. आमच्या घरी भूत, नवस, ताईत, सगळ्याला बंदी. बाबा अकोल्याहून आले ते टेलिफोनच्या तारा जोडायच्या कामाला लागले. त्यांनी मला एकच शिकवलं, "उज्ज्वला, आवाज आला की घाबरायचं नाही, वायर शोधायची." मी अजून वायरच शोधते.

दर शनिवारी दुपारी माझ्या दुकानात तिघं जमतात. मरोळचा विल्सन, कीबोर्डवाला, साठीचा, तोंडाने फटकळ. नाहूरचा नितीन जाधव, ऑक्टोपॅडवाला, त्याच्याहून थोडा लहान. आणि दहिसरचे परबकाका, वय अडुसष्ट. यांनी नव्वदच्या दशकात नुसत्या सिंथेसायझरवर एक अख्खा अल्बम केला होता, 'खाजण' नावाचा. ना तबला, ना बासरी, ना गायक. तेव्हा कुणी विचारलं नाही. आता पोरं त्याला डोक्यावर घेऊन नाचतात.

* * *

अंधेरीच्या एका फ्लॅटमधून फोन आला. "ताई, कीबोर्ड रोज दुपारी चार वाजता आपोआप एक सूर काढतो!" मी पोचेपर्यंत त्यांनी पूजा उरकली होती. कीबोर्डला हळदकुंकू, बटणांच्या फटीत तांदूळ!

मी आधी तांदूळ काढले. मग सगळं उघडून बघितलं, काही नाही. चार वाजता शेजारच्या भिंतीपलीकडे पाण्याची मोटर सुरू झाली आणि कीबोर्ड म्हणाला, "ऊंऽऽ." अर्थिंगची भानगड! दहा मिनिटांत काम झालं.

पुढच्या आठवड्यात त्याच बाईंचा फोन. "ताई, आता चार कधी वाजतात ते कळतच नाही हो. यांचा चहा चुकतोय!"

हे अशासाठी सांगितलं, की वायर सापडते. बहुतेक वेळा सापडते.

* * *

सिंथेसायझरवर एखादा आवाज जमवला की तो मशीनमध्ये सेव्ह करावा लागतो. जुन्या मशीनमध्ये जागा मोजून. नवा आवाज ठेवायचा तर जुन्या एखाद्यावर बसवायचा, आणि जुना गेला तो गेला. मशीन विचारतं, 'नक्की?'

विल्सनने एकदा स्टुडिओत दिवसभर खपून एक आवाज जमवला. संगीतकार खूश. घरी जायच्या गडबडीत विल्सनने त्याच जागेवर दुसराच कुठला तरी घंटेचा आवाज सेव्ह केला. मशीनने विचारलं, 'नक्की?' हा म्हणाला, नक्की!

दुसऱ्या दिवशी संगीतकार म्हणाले, "विल्सन, कालचाच आवाज दे." विल्सनने अर्धा तास बटणं दाबली, घाम पुसला आणि शेवटी म्हणाला, "साहेब, कालचा आवाज काल होता!"

त्याला त्या गाण्यातून काढून टाकलं. हसू नका, तो अजूनही तो आवाज शोधतोय. दर शनिवारी थोडा वेळ कोपऱ्यात बसून तेच करतो.

* * *

गेल्या वर्षी अंधेरीहून दोन पोरं आली, लॅपटॉपवर संगीत करणारी. परबकाकांच्या पाया पडली. काका लाजले, त्यांना चहा मागवला. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात त्यातला एक भारावून म्हणाला, "सर, तुम्ही तर तुमचा बेस्ट अल्बम ऑलरेडी बनवलाय!"

काकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मी आता काय करू? दहिसरच्या नदीत उडी मारू?"

नितीन म्हणाला, "काका, गुडघाभर पाणी आहे. फुकट आपटाल."

पोरं गेल्यावर मात्र वाद पेटला. विल्सनचं म्हणणं, पोरगा बरोबर बोलला. "सतारवाल्याचं वय वाढलं की हात पिकतो. बटणं कुठं पिकतात रे? आपण आणि मशीन, दोघं नवीन होतो तेव्हा जे झालं ते झालं. आता आपल्याला सगळं पाठ आहे. पाठ असलेल्या माणसाला कसलं आश्चर्य वाटणार?"

नितीन चिडला. "मग तू इथं येतोस कशाला?"

"चहाला!"

निघताना काका मला बाजूला घेऊन त्यांच्या गावच्या बोलीत म्हणाले, "उज्ज्वला, डावो कान गेलो गो. उजवो पण चाललो. डॉक्टर म्हणतंत वर्ष, दीड वर्ष. माका एकदाच बघूचा हा, तो पोरगो खरा बोललो काय." मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मागची खोली रिकामी करते, तिथे रेकॉर्ड करा. शनिवारपासून सुरू.

* * *

त्याच कानांचा किस्सा. मुलुंडला तपासणी होती, मी सोबत गेले होते. काचेच्या खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, बीप ऐकू आली की बटण दाबायचं. काकांनी दाबलं, दाबलं, बऱ्याच वेळा नाहीच दाबलं. तपासणाऱ्या मुलीने मान हलवली, मशीन बंद केलं आणि कागद भरायला लागली.

काका दाबतच होते.

ती काचेवर टकटक करून म्हणाली, "आजोबा, झालं! मशीन बंद आहे!" काकांचे डोळे मिटलेले. बटण एका लयीत चाललेलं. मी मोजलं, साडेसात मात्रा, दर वेळी बरोब्बर साडेसात. ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय ऐकत होतात? काका म्हणाले, "तुम्हीच लावलेलात ना गाणा?"

मी त्या हेडफोनची वायर बघितली नाही याचं मला आजही वाईट वाटतं. नव्या अल्बमचं पहिलं गाणं त्या साडेसात मात्रांवर बांधलं.

* * *

काकांच्या जुन्या सिंथेसायझरची मेमरी बटनसेलवर चालते. सेल काढला की साठवलेलं सगळं पुसलं जातं आणि कंपनीने दिलेले आवाज परत येतात. सेल संपत आला होता, म्हणून मी काकांना विचारून काढला. काढला तो काढला, आणि चार दिवस नवा आणायला जमलंच नाही.

नवा घालून मशीन सुरू केलं. सगळे कंपनीचे आवाज जागच्या जागी. फक्त सदतीस नंबरवर नाव नाही. कोरं. दाबलं तर आवाज येत होता, खाडीत ओहोटीला चिखल बुडबुडतो ना, तसा, आणि आत खोल कुणीतरी गुणगुणतंय.

काकांनी कान स्पीकरला लावून ऐकलं. "हो आवाज माझो न्हय."

मी म्हटलं, "कपॅसिटरमध्ये चार्ज राहिला असेल, काका." चार दिवस चार्ज राहत नाही, हे मला माहीत आहे.

बराच वेळ ते ती एकच पट्टी दाबून बसले. मग म्हणाले, "पण माका होच व्हयो होतो."

* * *

तिसरं गाणं अर्धं झालं होतं. दुकानात जुहूच्या तांडेलबाई आल्या होत्या, नातवाचा कीबोर्ड घ्यायला. आत काका चाल वाजवत होते. जिथपर्यंत सुचली होती तिथपर्यंत वाजवली आणि थांबले.

बाई थांबल्या नाहीत! पिशवीत कीबोर्ड घालता घालता पुढच्या दोन ओळी गुणगुणल्या.

काका बाहेर आले. पांढरेफटक. "ह्या खय ऐकलात?"

"जुनं हाय ना ते? आमच्या घरी कॅसेट व्हती. हे लावायचे, जाळी विणताना. निळी कॅसेट."

विल्सन म्हणाला, "बाई, पुढचंही सांगून टाका, आमचं काम वाचेल!"

'खाजण'चं कव्हर पिवळं होतं. आणि त्यात ही चाल नाही, मी घरी जाऊन दोनदा ऐकलं. त्या दोन ओळी काकांनी गाण्यात घेतल्या. म्हणाले, मी ह्याच वळणावर येणार होतो. विल्सनने परत चेष्टा केली नाही.

* * *

आणि हा शेवटचा.

चौथं गाणं पुरं झालं त्याच्या पुढच्या शनिवारी तांडेलबाई निळी कॅसेट घेऊन आल्या. नवरा गेला तेव्हापासून पत्र्याच्या पेटीत होती म्हणाल्या. मी आधी माझं काम केलं. टेपच्या कडेला बुरशी, टेप दाबून धरणाऱ्या आतल्या पट्टीचा गोंद सुकून भुगा झालेला. पंधरा-वीस वर्षांत ती कुणी वाजवलेली नव्हती, हे मी लिहून देते. साफ केली, डेकमध्ये घातली. भर दुपार, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत आम्ही चौघं आणि बाई.

काकांची एक सवय आहे. रेकॉर्डिंगला बसले की आधी टेपवर बोलतात, कितवं गाणं, खोलीत कोण कोण, पंखा चालू की बंद. पंख्याची घरघर आत येते म्हणून. पहिल्या गाण्याच्या वेळी काका घामाने निथळत "पंखा बंद" म्हणाले आणि नितीनला हसू फुटलं होतं. आम्ही तो टेक तसाच ठेवला.

मी बटण दाबलं. थोडी खरखर. मग काकांचा आवाज. तरुण काकांचा नाही. आत्ताचा, कफ भरलेला.

"गाणा पहिला. सोबत विल्सन, नितीन, उज्ज्वला. पंखा बंद."

आणि नितीन हसला. टेपमधला. माझ्या शेजारचा नितीन हसत नव्हता.

माझ्या अंगावर काटा आला, सरळ सांगते. साडेसात मात्रा सुरू झाल्या. मग दुसरं, तिसरं, चौथं. तेच आवाज, तोच क्रम. दर गाण्याआधी तीच तीन नावं. चौथ्यानंतर बाजू संपली आणि डेक खट्कन बंद पडला.

"झालं," नितीन म्हणाला. "इथंच थांबू या. दुसरी बाजू नको. पाचवं अजून केलेलंच नाही आपण."

"म्हणूनच लाव!" विल्सन म्हणाला.

मी काकांकडे बघितलं. काकांनी स्वतः कॅसेट उलटली.

"गाणा पाचवा. सोबत नितीन, उज्ज्वला. पंखा बंद."

कुणी कुणाकडे बघितलं नाही. गाणं सुरू झालं.

ते कसं होतं ते मला सांगता येणार नाही. तीस वर्षं मी आवाजांच्या पोटात हात घालतेय, मला रडू आलं. नितीनने डोकं टेबलावर टेकलं. तांडेलबाईंनी हात जोडले. काका उजवा कान पुढे करून ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला समजलं, तो पोरगा चुकला होता. 'खाजण' काहीच नव्हतं याच्यापुढे. गाणं संपल्याबरोबर काकांनी बटण दाबून टेप थांबवली.

पहिला बोलला विल्सन. "एक नंबर, काका! मी त्या दिवशी मरोळला कुणाच्या तरी लग्नाला गेलो असेन."

"कोणाच्या?" काकांनी विचारलं.

विल्सन चहा सांगायला बाहेर गेला.

या गोष्टीला सात महिने झाले. काकांना आता उजव्या कानाने फोनवरचंही नीट ऐकू येत नाही, मोठ्याने बोलावं लागतं. विल्सन रोज सकाळी फोन करतो आणि ओरडून विचारतो, "काका, पाचव्याला कधी बसायचं?"

काका म्हणतात, "ऐकूक येणा नाय रे," आणि फोन ठेवतात.