चंचीतले दोन सेल: काष्टी ते खर्डा

शनिवार, १४ डिसेंबर. ठिकाण काष्टीचा आठवडे बाजार. खर्च सहाशे पन्नास रुपये: कपाळाला बांधायचा एक टॉर्च साडेचारशेला, आणि त्याचे दोन जादा सेल शंभर-शंभरला. हजर: मी, माझे चुलत सासरे नाना, आणि ताडपत्रीवर दुकान मांडून बसलेला विक्रेता. पैसे मी दिले. पावती मागितली तर विक्रेता म्हणाला, "साहेब, पावती तिकडं बैलाला मिळती. हितं बॅटरीला न्हाई."

आमच्या भागात टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून मी पुढे टॉर्च आणि सेल असेच लिहितो.

मी भिंगारला राहतो, आणि भांडारातल्या मालाची मोजदाद ठेवणे ही माझी नोकरी. बायकोच्या, म्हणजे शोभाच्या, शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून तिने मला एकट्यालाच काष्टीला पाठवले आणि दोन कामे सांगितली. नानांना खर्ड्याला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे नेऊन आणायचे, आणि त्यांना चांगला उजेड घेऊन द्यायचा. खर्ड्याचा किल्ला बघायचा, हे तिसरे काम माझे मीच लावून घेतले.

उजेडाचे काम सगळ्यांत निकडीचे होते. नाना बहात्तर वर्षांचे. तीन एकरांत कांदा आणि ज्वारी. विहिरीवरच्या मोटारीची लाईट, म्हणजे वीज, आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीच येते, त्यामुळे दारं धरायला (पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला) अंधारात जावे लागते. महिन्याभरापूर्वी त्यांचा पाय पाटात गेला, गुडघा सुजला, आठ दिवस अंथरुणात काढले. पुण्याहून त्यांचा मुलगा संजय आला आणि सांगून गेला: आता आणखी एक काही झाले की शेत वाट्याने देऊन टाकायचे आणि नानांनी पुण्याला यायचे.

"आन् पुण्यात मी काय करू?" नाना मला बाजारात विचारत होते. "गॅलरीतल्या तुळशीची दारं धरू?"

टॉर्च कपाळाला बांधून ते तडक बैलांच्या रांगेत शिरले. सकाळचे साडेनऊ, लख्ख ऊन, आणि हे एका खोंडाचा जबडा उघडून टॉर्चच्या उजेडात दात मोजत होते. खोंडाचा मालक म्हणाला, "नाना, आत काय हिरीचं पानी बघताय व्हय?"

"चार दाताचा सांगतोस आन् सहा दिसत्यात. उजेड लई चांगला हाय."

टॉर्च पास झाला. सेल मी हातात घेऊन पाहिले. बोटाएवढे, निळ्या वेष्टनातले, साध्या घड्याळाच्या सेलपेक्षा जाड. क्षमतेचा छापलेला आकडा माझ्या मोबाईलच्या दुप्पट होता. एवढ्याशा नळकांड्यात एवढे मावेल का, ही शंका मला तेव्हाच आली होती, पण मी ती विचारली नाही. विक्रेत्याने दोन्ही सेल वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून दिले. नानांनी कपटा फेकला आणि सेल चंचीत टाकले.

चंची म्हणजे पान-तंबाखूची कापडी, कप्प्याकप्प्यांची पिशवी. नानांची चंची चोवीस तास कमरेला खोचलेली असते. चष्मा हरवतो, मोबाईल हरवतो, चंची हरवत नाही. म्हणून किमती वस्तू चंचीत, हा त्यांचा नियम. आत सुपारी, तंबाखू, पत्र्याची चुन्याची डबी आणि लोखंडी अडकित्ता. मी ते पाहिले आणि मला ते शहाणपणाचेच वाटले.

नानांच्या घरी जेवलो. बाजरीची भाकरी, शेंगोळे (कुळथाच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या) आणि कांद्याची पात. जावई म्हणून चौथी भाकरी ताटात आली. तीही मी संपवली.

श्रीगोंद्याहून जामखेडची एसटी दुपारी मिळाली. ऊस मागे पडला तशी जमीन उघडी होत गेली. आधी हिरवी ज्वारी, मग खडकाळ माळ, बाभळी, मध्येच एखादे शेततळे. या बाजूला काळवीट दिसतात असे ऐकले होते. मी सव्वा तास खिडकीतून नजर हटवली नाही. मला शेळ्या दिसल्या.

पुढच्या बाकावर साठीतल्या एक बाई होत्या, मांडीवर मोठा स्टीलचा डबा घेऊन. नाव मार्थाबाई. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता नाताळच्या करंज्या घेऊन जामखेडला लेकीकडे चाललेल्या. त्यांनी आम्हाला दोन-दोन करंज्या दिल्या. परतफेड म्हणून नानांनी चंची सोडली, अडकित्त्याने सुपारी कातरून पुढे केली, आणि अडकित्ता परत आत टाकून चंची कमरेला खोचली.

पाच मिनिटे गेली असतील.

"पाव्हणं," नाना हळूच म्हणाले, "माजी कंबर तापतीया."

"शेंगोळे तिखट होते, नाना."

"पोटात न्हाई ओ, भायेर!"

ते ताडकन उठले. जळक्या कापडाचा वास आला. नानांनी चंची ओढून काढली आणि या हातातून त्या हातात उडवू लागले, गरम बटाटा धरल्यासारखी.

मार्थाबाई वळल्या. "काय आहे त्यात?"

"बॅटरीचे सेल," मी म्हणालो.

"नाना, खाली टाका! आत्ता!"

"तंबाखू हाय ओ त्यात!"

"टाका म्हणते ना!" वर्गातला आवाज होता तो. नानांच्या हातून चंची आपोआप खाली पडली. बाईंनी ड्रायव्हरला हाक मारून गाडी थांबवायला लावली, नानांचीच काठी घेतली, आणि चंची ढकलत ढकलत दारातून खाली रस्त्याकडेच्या मुरमात पाडली. आम्हा सगळ्यांना त्यांनी वीस पावले मागे हटवले. एक जण तोंडावर रुमाल धरून पुढे बघायला निघाला, त्याला कॉलर धरून मागे आणला. "धूर नाकात घेऊ नका. चांगला नसतो तो."

मग फुस्स असा आवाज झाला. कुकरची शिट्टी घशात अडकावी तसा. पांढरा धूर, एक जीभभर ज्वाळा, आणि चंची बसल्या जागी काळी झाली. सुपाऱ्या तडतडल्या.

कंडक्टरने डोक्यावरची टोपी काढली. "आयला! तमाखूला एवढी आग?"

जवळच एक चहाची टपरी होती. तिथल्या बादलीत पाणी आणून मार्थाबाईंनी ते लांबून ओतले. मग बादली कलती करून काठीने दोन्ही सेल तिच्यात उरलेल्या पाण्यात ढकलले आणि ती उघड्यावर, टपरीपासून दूर ठेवायला लावली. एक सेल फुटला होता. दुसरा दिसायला चांगला होता, म्हणून मी तो उचलायला वाकलो.

"साहेब, एकदा तापलेला सेल चांगला दिसतो म्हणून चांगला नसतो. तो घरात न्यायचा नाही, वापरायचा तर नाहीच."

नानांच्या कमरेला रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता. एका प्रवाशाने टूथपेस्ट काढली, दुसऱ्याने चुना सुचवला. बाईंनी दोघांनाही गप्प बसवले आणि साधे थंड पाणी त्या जागेवर सोडत राहायला मला सांगितले. मी घड्याळ लावून वीस मिनिटे सोडले. कंडक्टर सारखा म्हणत होता, "बाई, टाइम हुतोय," पण त्यानेही त्या वेळात चहा पिऊन घेतला.

नाना बाकड्यावर बसले होते. त्यांनी कपाळावरचा टॉर्च काढला आणि माझ्या हातात दिला. "संपलं. संज्या म्हनला हुता, आनखी एक काय झालं की... ह्ये झालं."

"टॉर्चचा काही दोष नाही," मार्थाबाई म्हणाल्या. "नाना, मोटार चालू आहे, पाणी जोरात आहे, आणि वाफ्यात जायच्या आधीच पाट फुटला. मग?"

"समदं पानी एकदम भायेर. बांध वाहून जाईल."

"सेलचं तेच. एका टोकाकडून दुसरीकडे वीज टॉर्चमधून, बेताबेतानं जायला हवी. तुमच्या अडकित्त्यानं दोन्ही टोकं जोडली. वीज एकदम सुटली. सेलचा अंगरखा म्हणजे नुसतं पातळ प्लास्टिक, तो घासला गेला की आतलं सगळं पत्र्याचं अंगच एक टोक."

"म्हंजी अडकित्त्यानं पाट फोडला."

"बरोब्बर."

मग त्यांनी आपल्या पुतण्याचे सांगितले. तो मस्कतला असताना ई-सिगारेट ओढायला लागला होता. आपल्याकडे तिच्यावर बंदी आहे. त्या यंत्रातही असलेच सेल असतात. नवशिक्या पुतण्याने जादा सेल पँटच्या खिशात टाकला, खोलीच्या किल्ल्यांबरोबर. मांडी भाजली. "तिकडं किल्ल्या, इथं अडकित्ता. नवीन माणूस चूक तीच करतो. सेलला काड्यापेटीसारखं समजतो. खिशात टाकली, झालं."

मी वही काढली आणि त्यांनी सांगितलेले लिहून घेतले. सुटा सेल नेहमी प्लास्टिकच्या बंद डबीत. वेष्टन फाटले की सेल बाद. चार्जिंग टॉर्चच्याच चार्जरवर, आपण जागे असताना, फरशीवर, गोधडीवर कधीच नाही. भरला की काढायचा. फुगला, गळला, तापला की घराबाहेर. आणि छापलेला आकडा खरा वाटत नसेल तर घ्यायचा नाही. हे शेवटचे लिहिताना मी मान वर केली नाही.

गाडीत परत चढताना नाना माझ्या कानाशी आले. "पाव्हणं, संज्याला सांगायचं न्हाई."

"सांगावं लागेल, नाना. चांगला उजेड घेऊन देतो, असा शब्द मी त्याला दिला होता. सेल मी घेतले. लपवलं तर पुढच्या वेळी तो माझं काहीच ऐकणार नाही."

नाना जामखेडपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. तंबाखूही नव्हती.

खर्ड्याला आक्कांनी, म्हणजे नानांच्या बहिणीने, चट्टा बघितला आणि कपाळावर हात मारला. "जावयासंगं धाडला तर ह्यो आर्धा भाजून आला! पाव्हणं, उरल्याला तरी नीट पोचवा माघारी." रात्री पुरणपोळी होती. जावयाच्या पापाला एवढी शिक्षा पुरेशी होती.

रविवारी सकाळी आम्ही किल्ल्यावर गेलो. किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवरच आहे, त्यामुळे तटाची उंची एकदम अंगावर येते. दरवाजाच्या कमानीखाली गारवा, आत वाळके गवत, पोपटांचा कलकलाट आणि पायऱ्यांची एक खोल विहीर. नानांनी न सांगता माझ्या पिशवीतून टॉर्च काढला, कपाळाला बांधला आणि चार पायऱ्या उतरून आत पाहिले. उजेड थेट पाण्यावर पडला. शेतकऱ्याने विहीर बघावी तशी त्यांनी ती बघितली. "हाय पानी. चार मोटारी चालतील."

तिथेच तटाच्या सावलीत मी संजयला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळे सांगितले. माझी चूक आधी सांगितली.

"भाऊजी, म्हणूनच मी म्हणत होतो," तो चिडून म्हणाला. "बास झालं आता. जानेवारीत शेत वाट्यानं देतो. नानांना द्या फोन."

नानांनी फोन घेतला. मी आवाज मोठा करून दिला.

"नाना, सेल म्हणजे खेळणं आहे का?"

"न्हाई. डबीत ठेवायचा. लोखंडाजवळ न्हाई. वरचं कागद फाटलं की फेकायचा, पन उकिरड्यात न्हाई. चार्जिंग जागेपनी, फरशीवर. तापला की लांब." नाना थांबले. "संज्या, तुजा मोबाईल रातचा चार्जिंगला कुठं असतो रं?"

पलीकडून नुसते खाकरणे ऐकू आले.

"सांग की. मी ऱ्हायला आल्तो तवा बघितलंय."

"...उशीखाली."

"आन् शेजारी माजी नात झोपती."

नानांनी कपाळावरचा टॉर्च जरा वर सरकवला. पोपट तेवढे ओरडत होते.

"तर आसं करू," नाना म्हणाले. "आदी तू उशी सोड. मग मी शेत सोडायचं बघू."

संजय हसला. थोडेसेच, पण हसला. मग त्याने अट घातली: कांदा निघेपर्यंत शेत नानांकडे, सुटा सेल डबीतच, आणि दारं धरायला जाण्यापूर्वी त्याला एक फोन. "आणि मी आजपासून मोबाईल टेबलावर ठेवतो," तो म्हणाला.

परतताना टपरीपाशी उतरून आम्ही ते दोन्ही मेलेले सेल वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बरणीत घातले. नगरला नेऊन जुने सेल घेणाऱ्याकडे देण्याचे काम मी माझ्याकडे घेतले, आणि सोमवारी केले. टपरीवाल्याने बादलीचे पैसे घेतले नाहीत, पण ही गोष्ट आपल्या गिऱ्हाइकांना सांगायची परवानगी घेतली.

मी जन्मभर माल मोजत आलो, आणि मोजलेला माल सुरक्षित असतो असे धरून चाललो. दोन सेल, दोनशे रुपये, मोजणी बरोबर होती. ते कुठे, कशाशेजारी ठेवले, हे मोजणीत कुठेच येत नव्हते.

श्रीगोंद्याला एका इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन सेलची बंद प्लास्टिक डबी मिळाली. दुकान एक बाई चालवत होत्या. त्यांनी एक सेलही दाखवला, आकडा माफक, किंमत दुपटीहून जास्त. मी पाकीट काढले, तर नानांनी माझा हात धरला.

"आता तुमी न्हाई. पानी मला द्यायचंय, मंगळवारी."

सेल दोनशे ऐंशी, डबी चाळीस. एकूण तीनशे वीस रुपये नानांनी स्वतःच्या बंडीच्या खिशातून मोजून दुकानदार बाईंना दिले, आणि पावती मागून घेतली.