मॅडमची उलटी आणि सरांची ॲसिडिटी

ज्यांना ही पोस्ट झोंबेल त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा, पण आज मी लिहिणारच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मला आठवा आठवडा सुरू आहे. नवऱ्याशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी पाण्याचा घोटही पोटात टिकत नाही आणि फोडणीच्या वासाने तर सगळं तोंडाशी येतं.

शाळेत पोरांना खिचडी वाढायच्या आधी एका शिक्षकाने ती चाखून रजिस्टरवर सही करायची असते. आज चाखायची पाळी माझी होती. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, आजच्या दिवस तुम्ही चाखता का? मले लय मळमळून राह्यलं."

"मले ॲसिडिटी आहे, मॅडम. मसाल्याचं चालत नाई. चाखा तुम्हीच, नाटकं नका करू."

एक घास घेतला आणि नळापर्यंतही पोचले नाही. सगळ्या पोरांसमोर ओकले.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी पाणी घेऊन धावल्या. सर व्हरांड्यातूनच ओरडले, "अरे वा, मॅडमकडे गुड न्यूज दिसते! आमच्या मिसेसले तर तिन्ही वेळा काईच झालं नाई!"

माझं सासर याच गावात आहे. शाळा सुटायच्या आत सासूबाईंचा फोन आला, "साऱ्या गावाले समजलं, मले काऊन नाई सांगतलं?"

मैत्रिणींनो, तुमची बातमी तुमच्या आधी कोणी वाटून टाकली होती का?

आणि सर, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. तुमची ॲसिडिटी आजार आणि माझी उलटी नाटक? उद्या खिचडीचं पहिलं ताट तुमच्या टेबलावर येईल. पोरांसमोर चाखा.