विमानाचा सत्कार

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे मधेच कुणी "गुरुजी, खरंच?" असं विचारायला नको. ज्या विमानातून आमच्या उपाशी गावाला पीठ-गूळ यायचा होता, ते विमान मी लेझीम खेळवून परत पाठवलं. हो, मीच. हसायला माझी ना नाही. पण जरा बेतानं हसा, कारण ह्या गोष्टीत एक नऊ दिवसांचं पोर आहे.

मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या एक-दोन सालांतली ही गोष्ट. मी तेव्हा हिंगणवाडीच्या शाळेत हेडमास्तर होतो. हेडमास्तर म्हणजे काय, दोनच मास्तर, त्यातला मी थोरला. पुणतांब्यापासून पाच-सहा मैलांवर, गोदावरीच्या काठाला गाव. पुढं नदी, मागं ओढा. एरवी ओढ्यात पाय भिजायचा नाही. पण वरच्या धरणांचं पाणी सोडलं आणि नदी फुगून ओढ्यात शिरली, की गावाचं बेट व्हायचं. त्या वर्षी पाणी चढलं ते उतरायलाच तयार नाही. खालची आळी बुडाली, सगळं गाव शाळेत आणि देवळात येऊन बसलं. पेवातलं धान्य भिजलं. चार दिवस आम्ही भिजक्या बाजरीच्या घुगऱ्या खात होतो, आणि त्याही मोजून.

मोठ्या माणसाचं कसंही निभतं हो. पण भिमाजीरावांची तुळसा बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवसापासून तुळसाला जो ताप भरला तो उतरेना. अंगावरचं दूध आटलं. पाणी चढायला लागलं तेव्हाच गावानं दुभती जनावरं लांबच्या माळावर हाकलली होती. मागं राहिली एक शेळी, तीही आटत आलेली. तिचं चमचाभर दूध पाण्यात कालवायचं, कापसाची वात बुडवायची आणि पोरीच्या तोंडात पिळायची. पोर रडायची बंद झाली होती. ते शांत पडलेलं पोर बघून भिमाजीराव शाळेच्या ओट्यावर नुसते येरझाऱ्या घालायचे.

पाचव्या दिवशी दुपारी विमान आलं. चिमुकलं, दोन माणसांचं. पुण्याकडच्या कुठल्याशा क्लबातले हौशी लोक होते म्हणे. कुणाचं कापडाचं दुकान, कुणी दातांचा डॉक्टर. पगार नाही, भत्ता नाही, सुट्टीच्या दिवशी हौसेनं उडवायचं ते विमान आता पूरग्रस्तांसाठी उडवत होते. त्यांनी घिरटी घातली आणि एक कापडी पिशवी खाली टाकली. आत चिठ्ठी.

गावात खणखणीत वाचणारा मीच. वाचली. "उद्या सकाळी येऊन पीठ, गूळ, दुधाची पावडर व औषधे टाकू. शाळेपुढील मैदान मोकळे ठेवावे. मैदानात कोणीही थांबू नये."

दुधाची पावडर म्हटल्याबरोबर भिमाजीराव मटकन खाली बसले. बायका तुळसाला सांगायला पळाल्या. आणि माझ्या डोक्यात, देवा शपथ सांगतो, एकच विचार आला. उद्या पाहुणे येणार, आणि शाळा माझी.

आता माझी बाजूही ऐकून घ्या. अठरा वर्षांच्या नोकरीत मी काय शिकलो होतो? शाळा तपासणाऱ्या डेप्युटी साहेबांचं पत्र यायचं, त्यात दर वेळी छापलेलं असायचं, "भेटीच्या वेळी कोणताही समारंभ करू नये." पहिल्या वर्षी मी अक्षरशः केला नाही. साहेब आले, फळ्यावरची धूळ बघून गेले, आणि शेरा मारला, "मुख्याध्यापकांत उत्साहाचा अभाव." दुसऱ्या वर्षी कमान, हार, लेझीम, पेढे. शेरा, "शाळेची प्रगती समाधानकारक." त्यानंतर "करू नये" हे शब्द दिसले, की मी कमानीचे बांबू शोधायला लागायचो.

तेव्हा मी बैल मैदानातून हलवले, म्हणजे मैदान मोकळं झालं. आणि कामाला लागलो.

भिमाजीरावांनी मात्र विचारलं होतं. ते मला अजून ऐकू येतं. म्हणाले, "गुरुजी, कुनी थांबू न्हाई आसं लिवलंय न्हवं त्यात?"

मी हसलो. वर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भिमाजीराव, मोठ्या माणसांना असं लिहावं लागतं. आपण समजून घ्यायचं असतं."

"तसं आसल मंग," ते म्हणाले. गावात माझ्या शब्दाला किंमत होती, हेच वाईट झालं.

कमानीला कापड कुठून आणायचं? बायकांनी कोरडी राहिलेली लुगडी दिली. पुरुषांनी फेटे सोडून दिले. भिमाजीरावांचा लाल फेटा मी मुद्दाम मधोमध लावला, उठून दिसावा म्हणून. विमान काही कमानीतून येणार नव्हतं, हे मला कळत होतं. पण कमानीशिवाय सत्कार कसा करायचा? हार कुणी घालायचा ह्यावरून सरपंच आणि पाटील यांच्यात तासभर कुरबुर चालली. विमानाच्या गळ्यात हार घालणार कसा, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. शेवटी मीच तोड काढली. कण्हेरीचा हार लांब बांबूला बांधायचा आणि दोघांनी मिळून तो बांबू उंच धरायचा.

सकाळी पाऊस थांबला होता. मैदानात फक्कीनं हातभर लांबीच्या अक्षरांत सुस्वागतम. दोन्ही बाजूंना पोरं, मधे लेझीम पथक, पाठीमागं सगळं गाव. पाच दिवस अर्धपोटी असलेली पोरं ती. एक-दोघं वाकताना भेलकांडत होती. मी त्यांना काय म्हटलं असेल? "पाय उचला, पाय! पाहुणे वरून बघणार आहेत."

विमान आलं. खाली उतरत उतरत इतकं खाली आलं, की आतल्या दोघांची तोंडं दिसली. मी शिट्टी फुंकली. लेझीम सुरू झाली, हलगी कडाडली, सरपंच-पाटलांनी बांबू उंचावला. विमान डोक्यावरून गेलं आणि काही न टाकता वळलं.

"बघून घेतायत," मी गावाला सांगितलं.

दुसऱ्यांदा आलं. या वेळी एकानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि जोरजोरात हलवला. मी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. "पाहुण्यांनी सलामी घेतली!" मी ओरडलो. गावानं टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्यांदा आलं, तेव्हा तो माणूस कमरेपर्यंत बाहेर आला होता. दोन्ही हातांनी जीव तोडून खुणा करत होता, जणू शेतातली पाखरं हाकलतोय. एवढा आनंद मी डेप्युटी साहेबांना कधी झालेला पाहिला नव्हता. मी लेझीमवाल्यांना चाल वाढवायला सांगितली. मागची माणसं पुढं सरकली, मैदान गच्च भरलं.

मग विमानानं पंख एकदा इकडं, एकदा तिकडं कलवले आणि ते नदी ओलांडून पल्याड गेलं. पल्याडच्या गावानं काहीच केलेलं नव्हतं. माणसं आपली घरांच्या छपरांवर बसून होती. त्यांच्या रिकाम्या मैदानात पोती पडताना आम्हाला अल्याडहून स्पष्ट दिसली. एक पडलं, दुसरं पडलं. हलगी थांबली. बांबूवरचा हार तेवढा हलत होता.

कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या गर्दीतून भिमाजीराव पुढं आले, कमानीपाशी गेले आणि मला म्हणाले, "गुरुजी, माझा फेटा तेवढा सोडून द्या."

मी गाठ मारलीही पक्की होती, सुटता सुटेना. शेवटी त्यांनीच सोडवली. मग ते आणि त्यांचा पुतण्या गुऱ्हाळाकडं गेले आणि गूळ कढवायची मोठी काहील उचलून पाण्याकडं घेऊन आले. आमच्याकडं पुरात नाव नसली की काहिलीत बसून जातात. पण ते पाणी उतरणीला लागल्यावर. असल्या फुगलेल्या नदीत कुणी काहील घातलेली मी तरी पाहिली नव्हती.

मी म्हणालो, "मी येतो तुमच्याबरोबर."

"पोहता येतं?"

"नाही."

"मंग कशापायी? तुमी हितं ऱ्हावा. तुळसाकडं ध्यान ठिवा."

काहील गेली. गरगर फिरत, पाण्याबरोबर खाली खाली. मग वळणाआड दिसेनाशी झाली. मी तुळसाच्या उशाशी जाऊन बसलो. तिनं तापातच विचारलं, "आलं का वो दूध?" मी म्हटलं, "आणायला गेलेत." एवढंच. कुणाला जावं लागलं आणि कुणामुळं, ते सांगायची माझी छाती झाली नाही. रात्रभर पाऊस लागला. सकाळी आभाळ इतकं खाली उतरलं होतं, की विमान येण्याचा प्रश्नच नव्हता. काल पडलं तेच पडलं.

त्याच दिवशी दुपारी दोघं परत आले. दोन मैल खाली काठाला लागून, ओढ्यातून गळ्याइतक्या पाण्यानं चालत. भिमाजीरावांच्या डोक्यावर लाल फेट्यात घट्ट बांधलेला दुधाच्या पावडरीचा डबा होता. फेट्यातल्याच एका पुड्यात तुळसाच्या तापावरच्या गोळ्या होत्या. डब्याला थेंबभर पाणी लागलेलं नव्हतं.

पोरीनं संध्याकाळी पहिल्यांदा टाहो फोडला, आणि सगळं गाव त्या रडण्यावर हसलं. मी शाळेमागं जाऊन एकटाच रडलो. खोटं कशाला सांगू?

इथं थांबलो असतो तर गोष्टीत माझा नुसता मूर्खपणा राहिला असता. पण अजून एक आहे, आणि तेच जास्त बोचतं. भिमाजीरावांनी फेट्याच्या घडीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. "पल्याडच्या पोत्यात घावला. आपल्या गावाचं नाव हाय म्हन्त्यात. वाचा सगळ्यांम्होरं." त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं.

विमानातल्या माणसानं घाईत, वेडंवाकडं लिहिलं होतं. "समोरच्या हिंगणवाडीचा वाटाही तुमच्याकडे टाकत आहोत. तिथले लोक मैदानातून हटले नाहीत. हात करून थकलो. माणसांवर पोती कशी टाकणार? त्यांच्यात लहान मूल आजारी असेल तर दूध आधी पोचवा."

सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी खणखणीत आवाजात वाचलं, "हिंगणवाडीचा वाटाही टाकत आहोत. दूध आधी पोचवा." मधलं गाळलं. भिमाजीराव माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "बरं." आणि गेले.

पुढं महिन्याभरानं केंद्राच्या बैठकीला पल्याडचे मास्तर भेटले. बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या भिमाजीरावांना ती चिठ्ठी मीच वाचून दाखवली होती. दोनदा. जाताना म्हणाले, आमच्या गुरुजींना ह्यातलं काय म्हाईत न्हाई, तुमी पन कुनाला सांगू नका."

मी तसाच उठून त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर नातीला मांडीवर घेऊन बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "गुरुजी, चहा घ्या. पोरगी बघा कशी बाळसं धरायलीय." मी चहा घेतला. पोरगी बघितली. आणि परत आलो. पुढं वीस वर्षं त्याच गावात काढली, रोज रामराम केला, पण तो विषय ना त्यांनी काढला ना मी.

त्या दिवसापासून मला एक खोड मात्र लागली. कुणी लांबून हात हलवला, की मी नमस्कार करत नाही. आधी बाजूला होतो.

माझ्या निरोप समारंभालाही तेच झालं. तेच मैदान, कमान, हार, लेझीम. मी "कोणताही समारंभ करू नये" असं लेखी कळवलं होतं, पण गाव माझ्याच हाताखाली शिकलेलं. अध्यक्षांनी व्यासपीठावरून मला हात केला. मी दोन पावलं मागं सरकलो. त्यांनी जोरात हात हलवला. मी शेजारच्या दोघांना ओढून आणखी मागं नेलं. त्यांनी दोन्ही हात हलवले, तसा मी मंडपाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. माझी शाल आणि नारळ तिथं ताटात तसेच.

मला आणायला एक मुलगी पळत आली. सुमन, तुळसाची. तीच नऊ दिवसांची. आता मास्तरीण होऊन माझ्याच शाळेत लागली होती. तिनं माझा हात धरला. "गुरुजी, चला की. तुमालाच बोलवत्यात."

मी तिच्यामागून निघालो. पहिल्या रांगेत भिमाजीराव बसले होते, थकलेले, डोक्याला लाल फेटा. त्यांच्यासमोरून जाताना त्यांनी काठी आडवी घातली, मला थांबवलं आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं सुमे. वीस वर्सांनी का व्हईना, गुरुजींनी मैदान मोकळं केलं."

सगळा मंडप हसला, आणि सगळ्यांत जास्त मी. माणूस शेवटी बोलला होता.