मागचं डावं चाक

हे मी सांगायचं नाही, असं ठरलंय. आईनं तसं कबूलच करून घेतलंय. पण तुम्ही आमच्या अपार्टमेंटमध्ये राहत नाही, पप्पांना ओळखत नाही, म्हणून सांगते.

एरवी मी फारशी बोलत नाही. वर्गात हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणते, तेही मॅडमना दोनदा विचारावं लागतं. न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. सगळे बोलत असतात तेव्हा बघायला एक तरी माणूस रिकामं लागतं ना! त्यातले निम्मे किस्से आमच्या पार्किंगचे, आणि त्यातले बरेचसे आमच्या जुन्या गाडीच्या एकाच चाकाचे.

* * *

आधी त्या आवाजाबद्दल. गाडीनं जरा वेग घेतला, की खालून ‘हूंऽऽऽ’ असा आवाज यायचा. गॅरेजवाला म्हणाला, “बेअरिंग गेलंय. गंजून धरलं असणार. आठ दिवस गाडी ठेवा.”

पप्पा शाळेत गणित शिकवतात. त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, “आठ दिवस? हा माणूस वीस मिनिटांत बदलतोय!”

आई म्हणाली, “अहो, त्याच्या चाकाला गंज कुठं दिसतोय?”

पप्पांनी व्हिडिओचा आवाज वाढवला.

त्यात एक अडचण होती. गाडी बघायला आलेल्या एका माणसाला पप्पांनी शब्द दिला होता, रविवारपर्यंत आवाज गेला नाही तर सोमवारी गाडी तुमची. आणि आईनं दिवाळीतच ड्रायव्हिंगचं लायसन्स काढलं होतं! ती कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून विकते. अक्कलकोटच्या दुकानातून ऑर्डर यायला लागली होती, पण पाठवलेल्या भाकऱ्यांचा वाटेत चुरा व्हायचा. आपली गाडी, आपण चालवायची, भाकऱ्या मागच्या सीटवर आडव्या ठेवायच्या, असं तिचं सगळं ठरलं होतं. गाडी काय ती राहायला हवी होती.

“आवाज गेला की तूच चालव,” पप्पा म्हणायचे. आवाज जात नव्हता, म्हणून आई रोज रात्री भांडी आवरून पार्किंगमध्ये जायची आणि बंद गाडीत बसून सराव करायची. क्लच, गिअर, आरसा. शेवटी क्लासच्या सरांनी शिकवलेलं मोठ्यानं म्हणायची, “गाडी थांबली की हँडब्रेक! हँडब्रेक मागची चाकं आवळून धरतो!” आणि कर्रर्र करून ओढायची, वर येताना परत सोडायची.

पप्पा हँडब्रेक लावत नाहीत. त्यांची वीट आहे. निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, डिकीत असते. “वीट कधी फेल होत नाही,” असं ते म्हणतात.

* * *

शनिवारी संध्याकाळी कुठलं चाक ते शोधायला सगळे गाडीत बसले. वरच्या मजल्यावरचे श्रीनिवास काका पुढे. त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे, त्यामुळे यंत्राचा आवाज त्यांना कळतो असं ते स्वतः सांगतात. मागे आई, मी आणि चटणीचे डबे.

पप्पा म्हणाले, “पुढचं उजवं.”

काका म्हणाले, “अय्यो सर, उजवंच, पण मागचं! माझे कान लूमवर तयार झालेत.”

आई म्हणाली, “मागचं डावं.”

“कशावरून?”

“चटणीचे डबे तिकडंच नाचायलेत की!”

दोघंही हसले. मग पार्किंगमध्ये येऊन जॅकवर एकेक चाक उचललं आणि हातानं फिरवलं. पुढची दोन्ही गप्प. मागचं उजवं गप्प. मागचं डावं फिरवलं तर दळणात खडा आल्यासारखं खर्रर्र!

काका म्हणाले, “म्हणजे मी मागचं म्हणालो ते बरोबर होतं.”

* * *

रविवारी सकाळी काम सुरू झालं. कोपऱ्यावर वेल्डिंगचं दुकान असलेले रशीदचाचा लोखंडी स्टँड घेऊन आले. पुढच्या चाकाला वीट लागली, मागचं डावं चाक निघालं. आता आतला ड्रम ओढून काढायचा होता. ड्रम म्हणजे पातेल्यासारखं जड लोखंड. बेअरिंग त्याच्यात बसलेलं असतं.

ड्रम हलेना. पप्पांनी दोन्ही हातांनी फिरवून बघितला. “बघा! फिरतसुद्धा नाही, इतका गंज!”

रशीदचाचा म्हणाले, “सर, कल तो फिरता था ना?”

पप्पा जरा थांबले. मग गणिताचे सर सांगतात तसं म्हणाले, “गंज रात्रीत वाढतो!”

* * *

त्यानंतरचे तास मी जिन्याच्या पायरीवर बसून काढले. रॉकेल झालं, गंज सोडवायचा स्प्रे झाला. पप्पांनी हातोडी चालवली. वरच्या मजल्यांच्या खिडक्या एकेक करून उघडल्या आणि तितक्याच जोरात बंद झाल्या. चाचा म्हणत होते, “नक्को सर, हात सूजेगा.” पप्पा म्हणत होते, “आता आलंच!”

काकांनी कारखान्यातून पुलर आणला. तीन नख्यांचं यंत्र. नख्या ड्रमला अडकवायच्या आणि मधला स्क्रू आवळत जायचा, की अडकलेली वस्तू ओढून निघते. “ह्याच्यापुढं काही टिकत नाही सर. वडिलांच्या वेळचा आहे!” काकांनी आवळला, मग चाचांनी आवळला, मग दोघांनी मिळून. शेवटी काहीतरी सरकलं. सगळे ओरडले.

सरकली होती ती पुलरची नखी. सरळ झाली होती!

काका तिच्याकडे बघत राहिले. “वडील असते तर...” एवढंच म्हणाले आणि घाम पुसायला वळले.

पप्पा पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले. मग हळू आवाजात म्हणाले, “आईला काय सांगू गं?” मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

* * *

तेवढ्यात आईच खाली आली, जेवायला बोलवायला. ऑर्डरचा एक डबा कालपासून गाडीत राहिला होता. तो घ्यायला ती दार उघडून आत वाकली. आणि तशीच थांबली.

मग तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आईचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता.

‘कट्’ असा बारीक आवाज झाला. आई डबा घेऊन बाहेर आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “अहो, जेवायच्या आधी एकदा मारून बघा की!”

पप्पा उठून चाकाशी बसले. एकदाच मारली. ड्रम त्यांच्या मांडीत!

काय आरडाओरडा झाला! पप्पा म्हणाले, “मी म्हणत नव्हतो, आता आलंच?” काका म्हणाले, “पुलरनं आधीच ढिला केला होता सर!” चाचा म्हणाले, “स्प्रे कू टाइम लगता.” आई म्हणाली, “भाकरी गार होतेय.”

जिन्यात तिनं माझा हात धरला. “कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.”

* * *

बेअरिंग मात्र ड्रममध्ये खरंच गंजून बसलं होतं. चाचांनी ड्रम गॅसवर तापवला, पाइपचा तुकडा लावून ठोकला तेव्हा ते निघालं. नवीन बेअरिंग पप्पांनी फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, गार होऊन आकसतं आणि पटकन बसतं म्हणून. काकांना हे माहीत नव्हतं. ते बर्फ घ्यायला गेले आणि स्टीलचा डबा उघडून उभे राहिले.

“वहिनी, हा काय पदार्थ आहे?”

“नवीन आहे,” आई पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली. “कडक भाकरीपेक्षा थोडा कडक.”

* * *

संध्याकाळी चाक बसलं. चाचांनी सगळे नट परत एकदा आवळून बघितले. पण पप्पांचे हात इतके सुजले होते, की स्टेअरिंग धरता येईना. त्यांनी किल्लीकडे बघितलं, मग आईकडे.

आईनं पदर खोचला आणि बसली.

अक्कलकोट रोडला तिनं वेग घेतला. आम्ही सगळे श्वास धरून. आवाज नाही! मी मागे डब्यांवर हात ठेवून बसले होते. डबे गप्प! पार्किंगमध्ये शिरता शिरता पप्पांनी गाडी बघायला आलेल्या त्या माणसाला फोन लावला. “नाही, गाडी द्यायची नाही. घरात लागते.”

आईनं गाडी थांबवली, किल्ली काढली आणि जपून खाली उतरली. पप्पा डिकीतून वीट घेऊन आले. गाडी भिंतीपासून जरा लांब राहिली होती. “थोडी ढकलू या,” ते म्हणाले. तिघांनी ढकलली. हलेना. परत ढकलली. हलेना!

पप्पांचा चेहरा उतरला. “काय, परत गंजला?”

रशीदचाचांनी खिडकीतून आत बघितलं. मग आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ दाढी खाजवली.

“सर,” ते म्हणाले, “इस गाडी का गंज बहोत होशियार है. भाभी आये तो जाता.”

आई म्हणाली, “चहा टाकते हं,” आणि वर जायच्या आधी एकदा गाडीत वाकून आली.

पप्पा अजून त्यावर विचार करतायत. परवा मला गणित समजावताना मध्येच थांबले आणि म्हणाले, “गौरी, तू तर दिवसभर पायरीवरच होतीस. त्या दुपारी नेमकं काय झालं गं?” मी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि...

थांबा, खाली हॉर्न वाजतोय. “गौरी, ए गौरी! अक्कलकोटला उशीर होतोय, भाकऱ्यांना धरायला कोण बसणार?”

आले, आई! तर मी पप्पांना एवढंच म्हणाले, की तुमची ती वीट आता डिकीतून काढली तरी चालेल.