ठिपकेवाल्या काकू

आमच्या शस्त्रक्रिया विभागात काकू बावीस वर्षं कारकून आहेत. पगार कारकुनाचा, दरारा मात्र विभागप्रमुख सरांच्या वरचा. प्रशिक्षणासाठी नवे डॉक्टर निवडायचे असले की मुलाखत सर घेतात, पण उमेदवार आधी बसतो तो काकूंच्या बाकावर. काकू त्याला पाणी देतात, प्रवासाची चौकशी करतात आणि निरखत राहतात. कोण कप तिथेच टाकून उठला, कोण फरशी पुसणाऱ्या बाईंसाठी थांबला, कोणी पेशंटची खुर्ची अडवली. जो मनातून उतरला त्याच्या नावापुढे पेन्सिलीचा ठिपका. यादी बंद करताना सर हळूच विचारतात, "काकू, ठिपके?" हे कुठल्याही नियमात बसत नाही आणि सगळ्यांना माहीत आहे.

यंदा मुलाखती ऑनलाइन घ्यायचं ठरलं. विभागाचे कॉम्प्युटर मी सांभाळतो, त्यामुळे काकूंना शिकवणं माझ्या गळ्यात पडलं.

"यात बाक कुठाय?"

"उमेदवार बाहेर थांबतो, काकू. तुम्ही बटण दाबलं की आत येतो."

"आणि पाणी?"

"ज्याचं त्यानं प्यायचं."

"म्हणजे नुसती मुंडकी बघायची."

मला हसू आलं. गुरुजी व्हायची हौस दांडगी, म्हणून जाता जाता आणखी एक धडा दिला, "आणि वर मध्येच एखादी पट्टी आली तर घाबरू नका. जाहिरात असते. फुलीवर दाबायचं, जाते."

पहिल्या दिवशी नऊची पहिली उमेदवार एक मुलगी होती, लांबच्या हॉस्पिटलातली. नऊ वाजून गेले, तिचा पत्ता नाही. सर टेबलावर बोटं वाजवायला लागले. शेवटी मीच काकूंच्या खोलीत जाऊन बटण दाबलं, तेव्हा ती पडद्यावर आली. मागे जिन्याचा कठडा, कपाळावर घाम. "सॉरी सर," म्हणाली आणि त्यानंतर प्रत्येक उत्तर माफी मागितल्यासारखंच देत राहिली.

काकूंनी ठिपका दिला. "आत्ताच ही तऱ्हा. ऑपरेशनला तरी वेळेवर येईल का?"

पुढच्यांना काकू घड्याळ बघून स्वतःच बटण दाबून आत घेत गेल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यादी वर जायची होती. फाइलला जोडायला मी हजेरीची नोंद काढली. त्या मुलीपुढे लिहिलं होतं: आली आठ पस्तीसला, आत घेतली नऊ बाराला. दोनदा वाचलं. मग कागद काकूंपुढे ठेवला.

"काकू, त्या दिवशी पट्टी आली होती?"

"आली की. चार-पाचदा. मोठी चिवट जाहिरात. तू सांगितलंस तशी घालवली."

"ती जाहिरात नव्हती, बाहेर कोणी थांबलंय याची सूचना होती. ती मुलगी दारात उभी होती. चूक माझी आहे, मी सांगतो सरांना."

"ठिपका कोणी दिला? तू?"

चष्मा सारखा करत त्या यादी घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. दार अर्धवट उघडं होतं. "सर, त्या पोरीला उशीर झाला नव्हता. मी अर्ध्या तासाहून जास्त तिला दारात ताटकळत ठेवलं," काकू म्हणाल्या. सरांनी यादी उघडून तिचं नाव शोधलं. मग म्हणाले, "तुमच्या ठिपक्यावरच तिला काढलं होतं. यादी एक दिवस थांबवतो. तिला उद्या परत घेऊ."

फोन काकूंनी स्वतः केला. "उद्या नऊला. लवकर आलीस तरी चालेल, मी बघते."

मुलगी आठ चाळीसला आली. पट्टी दिसली तशी काकूंनी तिला आत घेतलं आणि सर येईपर्यंत तिच्याशी प्रवासाचं बोलत बसल्या, प्रवास झालाच नव्हता तरी. तिचं नाव यादीत सहावं लागलं. त्या दिवशी सरांनी ठिपके विचारले नाहीत.

यादी गेल्यावर मला वाटलं, काकू आता मोकळ्या झाल्या. त्या मात्र बाहेरच्या रिकाम्या बाकाकडे बघत बसल्या होत्या.

"मागे एक मुलगा आला होता. कप अर्धा सांडून तसाच ठेवून उठला. मी ठिपका दिला. त्याचे हात थरथरत असतील, हे आज सुचतंय." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तू काढलीस तशी नोंद जुन्या मुलाखतींची काढता येते का रे?"

"बाकाची? नाही, काकू."

त्यांनी मान हलवली आणि पेन्सिल कुठे ठेवावी ते न कळल्यासारखी हातातच धरून ठेवली.