लेन्सच्या डावीकडे

दसऱ्याला आठ दिवस होते. फोटो दोनशे बारा. फोनवर आम्ही दोघंच, नागपूरच्या एका मासिकाच्या संपादक मॅडम आणि मी. त्या दसऱ्याला तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे होणार होते, म्हणून तिथल्या तामसीकडच्या एका मराठी बोलणाऱ्या गावातल्या चार घरांचे फोटो मी काढून पाठवले होते. वीस वर्षांत माझा एकही फोटो कव्हरवर आला नव्हता.

निवड अशी होते. आधी हललेले आणि डोळे मिटलेले फोटो जातात. मग एकाच प्रसंगाचा एकच ठेवतात. कव्हरला चेहरा लागतो आणि नजर थेट लेन्समध्ये. वाचकाला वाटलं पाहिजे, हा माणूस माझ्याकडेच बघतोय.

"एकही सरळ बघत नाहीये हो," मॅडम म्हणाल्या. "चारही घरांतले लोक तुमच्या डावीकडे बघताहेत. पाळण्यातलं पोरसुद्धा. सोबत कोण होतं?"

"कोणी नाही."

स्क्रीनवर मोठे करून पाहिले. खरं होतं. सगळ्या नजरा माझ्या खांद्याशेजारी, माणसाच्या उंचीवर थांबल्या होत्या.

मॅडमनी दोन दिवस दिले, नाहीतर कव्हरवर नकाशा. मी बसने परत गेलो. फोटोतल्या पहिल्या घरच्या गंगाबाई ओसरीवर कापूस निवडत होत्या.

"बाई, त्या दिवशी काऊन तिकडे पाहून राह्यले होते तुमी?"

"तुमच्यासंगचे साहेब म्हणे ना, माह्याकडं पाहा."

"कोणते साहेब?"

"घ्या! सोबत आणता अन् मलेच इचारता?"

आतून त्यांचे म्हातारे सासरे बोलले, "नकाशात गाव इकडून तिकडं करायचं असलं का येतेत ते. मी पोरगा व्हतो तवाबी आल्ते. हाच कोट."

गंगाबाईंचं हसू गेलं. तरी त्यांनी चहा आणला. एक कप माझ्यासमोर ठेवला, दुसरा माझ्या डावीकडे.

मी कॅमेरा उचलला. "आता फक्त माझ्याकडे पाहा."

त्यांनी मान वळवली. डोळे वळेनात.

"ते नाई म्हणून राह्यले," त्या हळूच म्हणाल्या.

मी बटण दाबलं. मॅडमनी नियम बाजूला ठेवून तोच फोटो कव्हरला घेतला. तेव्हापासून फोटो पाठवण्याआधी मी त्यातल्या माणसांना विचारून घेतो, समोर कोण कोण होतं.

"मानधन एकाच नावावर ना?" मॅडमनी विचारलं.

"एकाच."

ते माझ्या खात्यात जमा झालं. दुसऱ्या कोणी अजून मागितलेलं नाही.