शिवाकाकांच्या मक्याच्या कण्या

शिवाकाका नोकरी सोडून कायमचे गावी निघाल्याचं फोनवर कळलं आणि मला माझीच लाज वाटली. दुबईत मला पहिली नोकरी लावून देणारा हा माणूस रास अल खैमात, जेमतेम दीड तासावर. "एकदा नात दाखव रे," म्हणायचा. आठ वर्षांची रुही त्यांनी फक्त फोटोत पाहिली होती.

त्याच शुक्रवारी निघालो. दुबईतल्या देऱ्याहून शेअर टॅक्सी, माणशी वीस दिरहम, म्हणजे साडेचारशे रुपये. सकाळी लवकर गेलात तर ताटकळावं लागत नाही. उम्म अल क्वैन मागे पडलं की वाळू तांबूस होते, उंट दिसतात, मग समोर डोंगर. रुहीला त्याचं काही नव्हतं. "काय खाणार?" असं काकांनी फोनवर विचारल्यावर बाईसाहेबांनी अमेरिकन मैत्रिणीकडे खाल्लेल्या ग्रिट्स आणि स्पायसी सॉसेजची फर्माईश केली होती.

काका टाइल्सच्या गोदामाचे राखणदार. पत्र्याची खोली, एक शेगडी. ग्रिट्सचं पाकीट त्यांनी अचूक शोधून आणलं होतं, पण त्यावरची कृती वाचतो कोण? "अरे, या तर मक्याच्या कण्या!" म्हणत त्यांनी त्या तीन पाण्यांनी धुतल्या, ताकात शिजवल्या आणि वर लसणाची फोडणी दिली. चिकन सॉसेजच्या चकत्या गावाकडच्या मसाल्यात लालभडक परतल्या.

रुहीने चमचाभर कण्या चाखल्या. "डॅडी, धिस इज नॉट ग्रिट्स."

काकांना तेवढं इंग्रजी कळत होतं. "चुकलं वाटतं. राहू दे बाळा, ब्रेड आणतो," म्हणून ते चपला शोधायला लागले. मला पोरीचा राग आला. खरं तर राग स्वतःचाच यायला हवा होता.

तेवढ्यात तिने सॉसेजची चकती तोंडात टाकली. नाकाडोळ्यांतून पाणी! समोर थंडावा देणारं एवढंच होतं, म्हणून तिने कण्यांचा मोठा घास घेतला. मग दुसरा. मग पुन्हा चकती, पुन्हा कण्या.

"आजोबा, मोर प्लीज!"

काका दारातून परतले. पातेल्याच्या तळाची खरवड त्यांनी उलथन्याने काढून तिच्या ताटात वाढली. "ही लाडक्या माणसाला द्यायची असते," म्हणाले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. नाव मसाल्याचं.

निघताना रुही म्हणाली, "नेक्स्ट फ्रायडे पण?"

काकांचं विमान बुधवारी होतं. "इन्शाल्ला," ते म्हणाले.

घरी येऊन बायकोला कृती सांगितली, तर रुहीने माझ्या दोन चुका काढल्या. बुधवारी काका गावी गेले.

शुक्रवारी सकाळी रुही बूट घालून दारात तयार बसली होती. तिला सांगायचं काम माझ्यावर आलं.